सोडून दिलेला खेळाडू आणि मागे उरलेली हळहळ

फुटबॉलच्या चाहत्याला हरलेला सामना आठवडाभरात विसरता येतो. पुढचा शनिवार उजाडतो, नवा सामना येतो आणि जुना हिशेब मागे पडतो. पण आपल्याच संघाने सोडून दिलेला खेळाडू दुसऱ्याच्या जर्सीत चमकू लागला, की ती हळहळ वर्षानुवर्षे जात नाही. त्याने गोल केला की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘हा आपला होता. आपणच याला जाऊ दिला.’

आपल्याकडे क्रिकेटचे वेड जुने आहे. कोल्हापूरसारख्या शहरात तालमींमुळे फुटबॉलही पूर्वीपासून रुजला आहे. आता इंग्लंडची प्रीमियर लीग टीव्हीवरून आणि मोबाइलवरून घराघरांत पोहोचली आहे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव असो की पुणे, लिव्हरपूल, चेल्सी, मँचेस्टर अशी नावे पाठीवर मिरवणारी मुले आपल्या मोहल्ल्यांत रोज दिसतात. त्यांच्या गप्पांत एक वाद नेहमी रंगतो: मुहम्मद सलाहसारख्या खेळाडूला चेल्सीने सोडलेच कसे?

प्रश्न खेळाचा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना माणसे पारखणे, घाई, सब्र आणि पश्चात्ताप या सगळ्या गोष्टी समोर येतात. म्हणून या घरगुती मासिकात आम्ही तो मांडत आहोत.

एका क्लबाचे तीन खेळाडू

लंडनच्या चेल्सी क्लबाच्या चाहत्यांची हळहळ जगभर प्रसिद्ध आहे, कारण त्यांनी एक नव्हे, तीन मोठे खेळाडू साधारण एकाच काळात हातचे घालवले.

पहिला बेल्जियमचा केव्हिन डी ब्रुयना. चेल्सीने त्याला 2012 च्या जानेवारीत घेतले. एक हंगाम तो जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेन क्लबाकडे उसना खेळला. परत आल्यावर चेल्सीकडून त्याला जेमतेम नऊ सामने मिळाले आणि 2014 च्या जानेवारीत सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना तो जर्मनीच्याच वोल्फ्सबुर्गला विकला गेला. पुढच्याच वर्षी तो जर्मनीतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. 2015 मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी सुमारे साडेपाच कोटी पौंड मोजले. सिटीकडून त्याने सहा वेळा लीग जिंकली आणि 2023 मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीगही जिंकली.

दुसरा बेल्जियमचाच रोमेलू लुकाकू. त्याला 2011 मध्ये अठराव्या वर्षी घेतले आणि 2014 मध्ये 2 कोटी 80 लाख पौंडांना एव्हर्टनला विकले.

तिसरा आपल्या मुलांचा लाडका मुहम्मद सलाह. डी ब्रुयना गेला त्याच महिन्यात, म्हणजे 2014 च्या जानेवारीत, सलाह सुमारे 1 कोटी 10 लाख पौंडांना चेल्सीत आला. सर्व स्पर्धा मिळून तो फक्त 19 सामने खेळला आणि त्याने दोन गोल केले. वर्षभरातच तो इटलीच्या फिओरेंटिनाकडे उसना गेला, मग रोमाकडे. 2016 मध्ये रोमाने त्याला दीड कोटी युरोंना कायमचे घेतले. 2017 मध्ये लिव्हरपूलने त्याला इंग्लंडमध्ये परत आणले आणि पहिल्याच हंगामात त्याने सर्व स्पर्धांत 44 गोल केले. त्यांपैकी 32 लीगमधले होते. 38 सामन्यांच्या हंगामासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. लिव्हरपूलने 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यातला पहिला गोल सलाहचा होता. 2020 मध्ये लिव्हरपूल तीस वर्षांनी इंग्लंडचा विजेता झाला. 2024-25 च्या हंगामात पुन्हा लीग जिंकताना सलाहने 29 गोल केले आणि 18 गोलांसाठी चेंडू पुरवला. सर्वाधिक गोलांचा मान त्याने चार हंगामांत मिळवला, त्यांपैकी दोनदा इतरांसोबत विभागून.

हे आकडे वाचले की चेल्सीच्या चाहत्याचा हात कपाळावर का जातो ते कळते.

नग्रिगपासून लंडनपर्यंत

सलाहला नाकारणारे चेल्सी हे पहिले नव्हते. 1992 मध्ये इजिप्तच्या नाईल त्रिभुज प्रदेशातल्या नग्रिग या खेड्यात त्याचा जन्म झाला. किशोरवयात कैरोच्या अल मोकावलून या क्लबाने त्याला घेतले. घरापासून कैरोला जाण्यासाठी तीन, चार, कधी पाच मिनीबस बदलाव्या लागत. एका बाजूचा प्रवास चार ते साडेचार तासांचा. आठवड्यातून पाच दिवस हा मुलगा सकाळी थोडा वेळ शाळेत बसायचा, मग कैरोला जायचा आणि रात्री उशिरा घरी परतायचा.

2011 मध्ये इजिप्तच्या झमालेक या बलाढ्य क्लबापुढे सलाहचे नाव गेले. तो अजून तयार नाही, त्याला आणखी मेहनत हवी, असे म्हणून क्लबाच्या अध्यक्षांनी नकार दिला. म्हणजे आज जे चेल्सीचे चाहते म्हणतात, तेच कैरोतले झमालेकचे चाहते त्यांच्याही आधीपासून म्हणत आले आहेत.

मग 1 फेब्रुवारी 2012 रोजी पोर्ट सईदच्या मैदानावर भीषण दंगल झाली आणि 74 माणसांचा जीव गेला. इजिप्तची लीग बंद पडली. खेळायला मैदानच उरले नाही. स्वित्झर्लंडच्या बासेल क्लबाची सलाहवर आधीपासून नजर होती. लीग बंद आहे हे पाहून त्यांनी मार्चमध्ये इजिप्तच्या 23 वर्षांखालील संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला. सलाह फक्त दुसऱ्या अर्ध्यात उतरला आणि त्याने दोन गोल केले. बासेलने त्याला करारबद्ध केले. एका देशावर आलेल्या संकटाच्या काळातच एका मुलाला बाहेरचे दार उघडले. पुढे फिओरेंटिनात त्याने पाठीवर 74 हा आकडा घातला, तो त्या मृतांच्या आठवणीसाठी.

बासेलकडून खेळताना त्याने 2013 या एकाच वर्षात चेल्सीविरुद्ध तीन सामन्यांत गोल केले. चेल्सीने त्याला विकत घेतले ते यामुळेच. म्हणजे त्याला ओळखण्यात चेल्सी चुकली नव्हती. ओळखले, पैसे मोजले, घरी आणले आणि मग बाकावर बसवून ठेवले.

सोडणारे आंधळे होते का?

चाहता रागात म्हणतो, ‘या लोकांना डोळेच नव्हते.’ आम्हांला हे पूर्ण पटत नाही. त्या वेळचा चेल्सीचा संघ आठवावा. सलाह ज्या जागी खेळतो, त्या आघाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये एडन अझार, विलियन, ऑस्कार, शुर्ले असे नावाजलेले खेळाडू होते. प्रशिक्षक होते जोझे मोरिन्यो. त्यांचा स्वभाव आजच्या सामन्यात जिंकण्याचा, उद्यासाठी रोप वाढवत बसण्याचा नाही. सलाहला 2014-15 च्या लीगमध्ये त्यांनी फक्त तीन सामन्यांत उतरवले आणि त्या हंगामात चेल्सी इंग्लंडची विजेती झाली. ट्रॉफी हातात असताना ‘तुम्ही चुकलात’ असे प्रशिक्षकाला कोण म्हणणार? मोरिन्यो पुढे सांगत आले आहेत की सलाहला आणा असे आपणच सांगितले होते, विकण्याचा निर्णय आपला नव्हता.

डी ब्रुयनाचेही तसेच. त्याला बाकावर बसायचे नव्हते, खेळायला मिळेल अशी जागा हवी होती. क्लबापुढे त्या क्षणी प्रश्न साधा होता: नाराज तरुण ठेवायचा की चांगली किंमत घ्यायची?

यात नियमांचा आणि पैशांचाही भाग आहे. प्रीमियर लीगमध्ये 21 वर्षांवरील खेळाडूंची यादी 25 जणांचीच असते, आणि त्यांतही इंग्लंड किंवा वेल्समध्ये न घडलेले खेळाडू 17 पेक्षा जास्त चालत नाहीत. जमाखर्चाची पद्धतही समजून घ्यावी. समजा, एक खेळाडू 5 कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतला. वहीत दरवर्षी 1 कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत 3 कोटी उरते. तेव्हा तो 4 कोटींना विकला, तर त्या वर्षी 1 कोटी नफा दिसतो, जरी खरेदीपेक्षा विक्री कमीच असली तरी. आणि क्लबाने लहानपणापासून घडवलेल्या मुलाची वहीतली खरेदी किंमत शून्य. त्याला विकले की जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात. म्हणून पुष्कळदा घरचाच मुलगा आधी विकला जातो. चाहत्याचा जीव ज्याच्यात सर्वांत जास्त अडकलेला, तोच हिशेबनिसाला सर्वांत सोयीचा.

चेल्सीने तर तरुण खेळाडू घेऊन दुसऱ्या क्लबांना उसने देण्याचा मोठा कारखानाच चालवला. एका वेळी तीसहून अधिक खेळाडू बाहेर असत. अशा गर्दीत कोणता मुलगा कुठे वाढतो आहे, कोण खचला आहे, हे कोण पाहणार? पुढे जागतिक संघटना फिफाने 2022 पासून यावर मर्यादा आणली. परदेशी क्लबांना उसने देता येणारे खेळाडू आधी 8, मग 7 आणि 2024 पासून 6. यातून 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबाने स्वतः घडवलेले खेळाडू तेवढे वगळले आहेत.

गेला तो वेगळा, परतला तो वेगळा

या हळहळीत चाहत्यांच्या हिशेबाची एक गफलत होते. त्यांना वाटते की चेल्सीने 44 गोल करणारा सलाह विकला. तसा सलाह 2015 मध्ये नव्हताच. तेव्हा होता तो 22 वर्षांचा, विजेसारखा धावणारा, पण गोलासमोर अजून घाई करणारा मुलगा. फिओरेंटिनात त्याला रोज खेळायला मिळाले, तेव्हा 26 सामन्यांत त्याचे नऊ गोल झाले. रोमातल्या दोन हंगामांत 83 सामने आणि 34 गोल. याच काळात तो कधी धावायचे, कधी थांबायचे आणि चेंडू कुठे मारायचे हे शिकला. लिव्हरपूलला मिळाला तो इटलीत तावूनसुलाखून निघालेला सलाह.

लिव्हरपूलने त्याच्यासाठी सुमारे 4 कोटी 20 लाख युरो मोजले, तेव्हा ‘चेल्सीत न चाललेला माणूस एवढ्या पैशांना कशाला?’ असे म्हणणारेही होते. लंडनमधले 19 सामने त्यांच्या डोळ्यांपुढे होते, रोमातले 83 सामने नव्हते. माणसावर एकदा शिक्का बसला की त्याच्यातला पुढचा बदल लोकांना दिसत नाही.

तो चेल्सीच्या बाकावरच बसून राहिला असता, तर कदाचित आजचा सलाह घडलाच नसता. चाहत्यांनी हळहळायचेच असेल, तर ‘विकला का?’ यापेक्षा ‘वाढायला जागा का दिली नाही?’ यासाठी हळहळावे. पहिला प्रश्न किमतीचा आहे, दुसरा तरबियतीचा.

गोलांपलीकडचे नुकसान

आपल्या वाचकांना ठाऊक आहेच की सलाह गोल केल्यावर मैदानावर सजदा करतो. लिव्हरपूलमध्ये त्याचे चाहते त्याच्या नावाची गाणी गातात, त्यांत त्याच्या धर्माचाही प्रेमाने उल्लेख असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर अभ्यास केला आणि तो 2021 मध्ये राज्यशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सलाह आल्यानंतर लिव्हरपूलच्या परिसरात द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांचे ट्विटरवरील मुस्लिमविरोधी संदेश इतर मोठ्या क्लबांच्या चाहत्यांच्या तुलनेत निम्म्यावर आले, असे त्यांना आढळले.

एका माणसाने भाषण न देता, वाद न घालता, आपले काम चोख करून आणि हसतमुख राहून हे साधले. मोठ्या शहरात मुसलमान शेजारी कसा असतो, हे ज्यांना कधी कळले नव्हते, त्यांना ते दर शनिवारी दिसू लागले. चेल्सीच्या वहीत अशा नुकसानीचा रकाना नाही.

हळहळीची महागडी खरेदी

हळहळ नुसती मनात राहिली तर एक वेळ ठीक, पण ती निर्णय घेऊ लागली की फार महाग पडते. लुकाकूची गोष्ट तशीच आहे. 2014 मध्ये विकलेला लुकाकू एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड आणि इंटर मिलान असा फिरला, इटलीत विजेता झाला. चेल्सीत पुन्हा जुनी जखम वाहू लागली. 2021 मध्ये त्यांनी त्याला 9 कोटी 75 लाख पौंडांना परत आणले, म्हणजे विकले होते त्याच्या तिपटीहून अधिक किमतीला. एका हंगामात 44 सामने, 15 गोल आणि बरीच नाराजी. दुसऱ्या हंगामात तो पुन्हा इंटरकडे उसना गेला, नंतर रोमाकडे आणि 2024 मध्ये नापोलीला कायमचा विकला गेला, मोजलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाच्या आसपास किमतीला.

मँचेस्टर युनायटेडचेही असेच झाले. पॉल पोग्बा त्यांच्याच अकादमीत वाढलेला मुलगा. पहिल्या संघाकडून सात सामने खेळून तो 2012 मध्ये जवळजवळ फुकटात युव्हेंटसला गेला आणि तिथे लागोपाठ चार लीग जिंकला. 2016 मध्ये युनायटेडने त्याला 8 कोटी 90 लाख पौंड देऊन परत आणले. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. पहिल्या वर्षी दोन चषक मिळाले, पण लीग कधीच मिळाली नाही आणि 2022 मध्ये करार संपून तो पुन्हा फुकटात गेला.

दोघेही उत्तम खेळाडू. पण परत आणले ते क्लबाला गेलेला काळ परत हवा होता म्हणून. काळ विकत मिळत नाही.

रेआल माद्रिद याबाबत जास्त व्यवहारी निघाला. दानी कार्वाहाल हा त्यांच्या अकादमीतला मुलगा. 2012 मध्ये त्याला सुमारे 50 लाख युरोंना जर्मनीच्या लेव्हरकुसेनला विकताना, ठरावीक किमतीला परत घेण्याचा हक्क त्यांनी करारातच राखला. तिथे तो एक वर्ष रोज खेळला, तयार झाला आणि 65 लाख युरोंना घरी परतला. पुढे अनेक वर्षे त्याने माद्रिदची उजवी बाजू सांभाळली. मुलगा अजून तयार नाही हे मान्य करायचे, पण त्याच्यासाठी दार बंद करायचे नाही. सोडण्याची ही रीत शहाणपणाची वाटते.

एकाची हळहळ, दुसऱ्याचा आनंद

चेल्सीच्या चाहत्यांना दुसरी बाजूही आठवायला हवी. माली देशातून फ्रान्सला आलेल्या आईवडिलांचा मुलगा एन्गोलो कान्ते पॅरिसच्या उपनगरात वाढला. उंची सुमारे साडेपाच फूट. ‘फार लहानखुरा’ म्हणून फ्रान्समधल्या मोठ्या अकादमींनी त्याला घेतले नाही. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो सुरेन या छोट्या उपनगरी क्लबाकडे खेळत राहिला. तिथून बुलोन्य, मग कॉं आणि 2015 मध्ये सुमारे 56 लाख पौंडांना इंग्लंडचा लेस्टर. 2016 मध्ये लेस्टरने सगळ्या जगाला चकित करून लीग जिंकली. नंतर चेल्सीने कान्तेला 3 कोटी 20 लाख पौंडांना घेतले. पुढच्या हंगामात चेल्सी विजेती आणि लेस्टर बाराव्या क्रमांकावर. 2018 मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघात हा मितभाषी, नम्र कान्ते होता.

29 मे 2021 रोजी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. एकीकडे मँचेस्टर सिटी, त्यांच्याकडे चेल्सीने सोडलेला डी ब्रुयना. दुसरीकडे चेल्सी, त्यांच्याकडे इतरांनी नाकारलेला कान्ते. चेल्सी 1-0 जिंकली आणि सामन्याचा मानकरी कान्ते ठरला. एका क्लबाने काय गमावले याची यादी करताना काय मिळाले याची यादीही ठेवावी. शुक्राची सवय नसली, तर हळहळीला अंत नसतो.

ज्यांच्यासाठी कोणी हळहळत नाही

इथपर्यंत आम्ही ज्यांची नावे घेतली, ते सगळे शेवटी यशस्वी झाले. म्हणूनच त्यांच्यासाठी हळहळ आहे. खरा प्रश्न बाकीच्यांचा. इंग्लंडच्या अकादमी नऊ वर्षांच्या मुलांनाही करारावर घेतात. सोळाव्या वर्षी चाळणी लागते, अठराव्या वर्षी पुन्हा. त्यांतून पहिल्या संघापर्यंत फार थोडे पोहोचतात. बाकीच्यांना एके दिवशी खोलीत बोलावून सांगितले जाते की आता तुझी गरज नाही.

जेमी वार्डी हा असाच सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने ‘लहान चणीचा’ म्हणून सोडलेला मुलगा. त्याने रुग्णांच्या हातापायांचे आधारपट्टे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली आणि संध्याकाळी छोट्या क्लबाकडे खेळला. पंचविशीत लेस्टरला आला आणि कान्तेच्या बरोबरीने 2016 ची लीग जिंकला. त्या हंगामात त्याने लागोपाठ 11 लीग सामन्यांत गोल केले. पण वार्डी एखादाच. त्याच्याबरोबर सोडले गेलेले इतर मुलगे कुठे आहेत, हे कोणत्याही चाहत्याला ठाऊक नसते आणि त्यांच्यासाठी कोणी कपाळावर हात मारत नाही.

दहा वर्षे एकच स्वप्न पाहिलेल्या मुलाला एका वाक्यात घरी पाठवले, तर त्याच्या मनाचे काय होते? नैराश्यात गेलेल्या मुलांच्या बातम्या तिकडे आल्या, तेव्हा क्लबांना हा प्रश्न टाळता आला नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबाने 2022 मध्ये सोडलेल्या तरुणांची पुढची तीन वर्षे विचारपूस करण्याची योजना सुरू केली. शिक्षण, नोकरी, दुसरा क्लब, मनाचा आधार, जे हवे ते. सोडावे लागले तरी वाऱ्यावर सोडू नये, ही साधी माणुसकी.

आपल्या घरातला बाक

फुटबॉलचा क्लब आणि घर यांत मोठा फरक आहे. क्लबाला 25 जणांची यादी करावी लागते. घराला आणि शाळेला अशी यादी करण्याचा अधिकार नाही. तरीही आठवीच्या गणितात कमी गुण पडले म्हणून ‘हा काही शिकायचा नाही’, आणि मुलगी आहे म्हणून ‘दहावीपर्यंत पुरे’, असे निकाल आपल्या समाजात दिले जातात. एका भावाच्या शिकवणीला पैसे निघतात आणि दुसरा दुकानात बसवला जातो. तो दुसरा दहा-पंधरा वर्षांनी कुठेतरी कर्तबगार निघाला, की नातेवाईक कौतुकाने म्हणतात, ‘आम्हांला वाटलेच होते.’ वाटले होते, तर तेव्हा कोणी बोलले का नाही?

शिक्षक म्हणून आम्ही वर्गात एवढे नक्की पाहतो की मुले एका वेळापत्रकाने उमलत नाहीत. पाचवीत मागच्या बाकावर गप्प बसणारा नववीत पुढे येतो. तोपर्यंत त्याला वर्गात टिकवून धरणे हेच आमचे आणि आईवडिलांचे काम. आणि इथे एक इशाराही द्यायला हवा. सलाहची मेहनत मुलांना जरूर सांगावी, पण खेळासाठी शाळेवर पाणी सोडावे असा त्याचा अर्थ नाही. एका सलाहमागे हजारो मुले आहेत, ज्यांना खेळ संपल्यावर शिक्षणाचाच आधार असतो. मैदान आणि पुस्तक दोन्ही हवीत.

पश्चात्तापाबद्दल आपल्या दीनची शिकवण स्पष्ट आहे. जे हिताचे आहे त्यासाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी, हिंमत सोडू नये आणि काही बिघडले तर ‘असे केले असते तर’ म्हणत बसू नये, कारण त्या ‘तर’मधून सैतानाला वाट मिळते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले आहे. याचा अर्थ चुकीतून शिकू नये असा नाही. सावरण्यासाठी मागे वळून पाहणे वेगळे आणि कुढण्यासाठी पाहणे वेगळे.

चेल्सीचा चाहता डी ब्रुयनाला परत आणू शकत नाही. ज्या मुलाला वर्षांपूर्वी शाळेतून काढले, त्याची ती वर्षेही परत येत नाहीत. पण आज घरात जे मूल गप्प आहे, ज्याचे नाव कोणी कौतुकाने घेत नाही, ते अजून आपल्याच संघात आहे. या महिन्यात त्याच्या शाळेत एकदा जाऊन यावे. गुणपत्रिकेखेरीज त्याला काय आवडते, काय जमते, हे त्याच्या शिक्षकांना विचारावे आणि मग त्यालाही विचारावे. उत्तर ऐकताना घाई करू नये.